एका कोठीतली सरकी

एकच वाफा छापील कागदावर दोनदा आला आणि त्याच्यापुढचे आकडे मात्र दोन निघाले, झालं होतं ते एवढंच. नागपूरच्या त्या गार खोलीत अमृतलाल कागदाची लांबलचक घडी हातात घेऊन उभा होता, गणकयंत्राचे पंखे घरघरत होते आणि बाहेर वैशाखाचं ऊन काचेला कपाळ लावून उभं होतं. कार्डांना भोकं पाडणाऱ्या बाईंनी एका वाफ्याचं कार्ड चुकून दोनदा घातलं होतं. चूक साधी. दोन्ही कार्डं हुबेहूब सारखी, त्यातलं एक काढून टाकायचं की झालं. पण मग त्या वाफ्यातल्या कापसाच्या धाग्याची मजबुती पहिल्या ओळीत एक आणि दुसऱ्या ओळीत वेगळी, असं कसं? कापूस एक, कार्ड एक, गणित एक. त्याने खालच्या वाफ्याचं कार्ड काढून हातानेच गणित करून पाहिलं, तर दुसऱ्या ओळीत येऊन बसलेला आकडा त्या खालच्या वाफ्याचा होता. आणि खालच्यापुढे त्याच्याही खालच्याचा. सगळी ओळच्या ओळ शेजाऱ्याच्या चपला घालून चालत निघाली होती. लहानपणी एकदा पाणी गाळताना गाळणीचं फडकं त्याच्या हातातून निसटून विहिरीत गेलं होतं. ते पाण्यावर पसरलं, हळूहळू ओलं होत खाली गेलं आणि तो काठाला धरून नुसता बघत राहिला होता. आताही तो कागद हातात धरून तसाच बघत राहिला. मग त्याने कपाटातून गेल्या हंगामाचा कागद काढला. तोच प्रोग्राम, तेच यंत्र. धनजच्या बीज केंद्रातल्या वाफ्यांमध्ये जाती दोऱ्यांच्या रंगांनी ओळखायच्या; त्यांत लाल दोऱ्याचा कापूस सगळ्यांत वर, आणि त्याच्या लगेच खालचा पिवळ्या दोऱ्याचा कापूस तळाला. म्हणजे लाल दोऱ्यापुढे जी मजबुती छापली होती ती पिवळ्याची होती. आणि पिवळ्याचं बी तिथल्या पंजाबरावने, त्याच्या कॉलेजातल्या मित्राने, शिमग्यालाच मोडीत काढलं होतं.

आता तो कारंज्याच्या घरात, आईच्या देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसला होता आणि आई त्याच्याशी बोलू शकत नव्हती. ती सामायिकाला बसली होती. सामायिक म्हणजे दोन घटका एका जागी, मनात समता धरून, कोणाशी शब्दही न बोलता बसायचं. समोर वाळूचं घड्याळ. वरच्या काचेतली वाळू खालच्या काचेत पडून संपेपर्यंत घराला आग लागली तरी हीराबाई उठणार नाही, हे गल्लीतल्या पोरासोरांना ठाऊक होतं. तो आला तेव्हा तिने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं, तो एकटाच आलाय, धड आलाय, एवढं बघून घेतलं आणि डोळे पुन्हा मिटले. घड्याळ नुकतंच उलटं केलेलं होतं. वडील गुलाबचंद कापडाच्या दुकानावर. घरात दुसरं कोणी नाही. आणि त्याला विचारायचं होतं एकच: पंजाबने पाठवलेलं पोतं कुठं आहे? कारण मोडीत काढलेलं ते बी पंजाबरावने तेलाच्या घाण्याला दिलं नव्हतं. कॉलेजात असताना सुट्ट्यांमध्ये ज्या काकीने, म्हणजे अमृतलालच्या आईने, त्याला पोटच्या पोरासारखं जेवू घातलं, तिच्या म्हशीला म्हणून त्याने ते अर्धं पोतं धनजहून बसच्या टपावर टाकून इथे पाठवलं होतं. त्याची चिठ्ठीही नागपूरला आली होती: काकीच्या म्हशीले खाऊ धाडला. तेव्हा अमृतलाल हसला होता. आज सकाळी नागपूरहून येऊन अमरावतीला बस बदलल्यापासून तेच पोतं त्याच्या डोळ्यांपुढे होतं. त्यातलं ओंजळभर जरी उरलं असेल तरी पेरणीला अजून वेळ होता. ओंजळभर बियांतून एक वाफा उभा राहील, वाफ्यातून पुढच्या वर्षी शेत. ओंजळभर उरलं नसेल, तर त्या जातीचं एकही झाड पृथ्वीवर पुन्हा उगवणार नव्हतं.

वाटेत बस धनजला थांबली होती. रस्त्यावरूनच केंद्राचं कुंपण दिसायचं, नांगरून टाकलेले वाफे, कडेला विहीर, विहिरीवरचं कडुनिंबाचं झाड. एका न्यासाचं ते लहानसं बीज केंद्र होतं आणि तिथला सगळा कारभार पंजाबराव पाहायचा. उतरावं आणि सांगून टाकावं, असं मनात आलं. त्याने पिशवीही मांडीवर घेतली. मग पानठेल्याशी उभा असलेला एक ओळखीचा माणूस दिसला आणि अमृतलाल खिडकीतून ओरडला, ‘‘पंजाबरावला सांगा, कारंज्याला घरी ये म्हणावं, काम आहे!’’ बस सुटली. खिडकीच्या गजाला धरलेला हात त्याने आत घेतला आणि स्वतःशीच म्हटलं, आधी पोतं बघू, मग सांगू. पण ते खरं नव्हतं. पंजाबच्या समोर उभं राहायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

पिवळा दोरा पंजाबने कॉलेज सुटल्यावर पहिल्याच वर्षी बांधला होता. अमृतलाल तेव्हा त्याच्याकडे राहायला गेला होता. संध्याकाळी कापसाची उद्या उमलणारी कळी हेरायची, नखाने तिची पाकळी सोलायची, आतले पुंकेसर अलगद खुडायचे, कळीला कागदी टोपी घालायची आणि देठाला दोरा बांधायचा. सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल आणून त्याचे पराग तिच्यावर टेकवायचे. लाल दोरा एका जोडीचा, पिवळा दुसऱ्या जोडीचा, हिरवा तिसऱ्या. ‘‘हे काय मुंज लावून राह्यला काय रे झाडाची?’’ अमृतलाल म्हणाला होता. ‘‘मुंज नाही बे, लगन!’’ पंजाब वाकलेलाच म्हणाला. ‘‘अन् दोरा सुटला तं कोनाची पोरगी कोनाच्या घरी गेली, बापालेबी समजत नाही.’’ दोघं पोट धरून हसले होते. मग वर्षामागून वर्ष पंजाबने त्या संकराची पोरं निवडली, त्यांची पोरं निवडली, कीड लागलेली उपटली, उंच गेलेली उपटली. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, तिचं नाव ठेवायलाही तो एक दिवस उशिरा गेला, कारण कळ्या उमलायच्या होत्या. शेवटी दोन-चार रंगांचे दोरे उरले. झाडं डोळ्यांना सारखीच दिसत, बोंडं सारखीच. फरक होता तो धाग्यात, आणि धाग्याची मजबुती डोळ्यांनी दिसत नाही. ती प्रयोगशाळेत मोजायची, आणि शेकडो मोजण्यांमधून खरं काय ते गणिताने काढायचं. तिथे अमृतलाल आला. मित्राच्या कापसाचं गणित मित्राच्या यंत्रावर. गेल्या हंगामाचा निकाल घेऊन तो स्वतः धनजला गेला होता. पंजाबने कागद दोनदा पाहिला आणि म्हणाला, ‘‘पिवळा तळाले? मले काहून वाटे का पिवळाच वर येईन.’’ केंद्राचा नियम असा होता की नापास झालेल्या जातीचं बी आवारात ठेवायचं नाही, निवडलेल्या बियात त्याची मिसळ होऊ नये म्हणून. पंजाबने पोत्यात हात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. ‘‘मूठभर ठेवू काय रे वेगळं? माह्या घरी?’’ आणि अमृतलाल, ज्याला त्या दिवशी संध्याकाळची बस धरायची होती, त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, ‘‘कशाला? माणूस चुकतो, पंजाब. यंत्र चुकत नाही.’’

वाळू पडत होती. वरच्या काचेत मधोमध एक खळगा तयार झाला होता आणि कडेची वाळू त्यात घरंगळत होती. आईचे ओठ हलत नव्हते. तिच्या चेहऱ्यावर ना राग ना लोभ, असं काहीतरी पसरलेलं होतं, आणि अमृतलालला त्याचा राग येत होता, आणि राग येतोय याची लाजही वाटत होती.

यंत्र चुकलं नव्हतंच. हेच तर मोहनसिंगला आणि त्याला काल कळलं होतं. मोहनसिंग त्याच्याच टेबलाशेजारी बसायचा. वाफ्यांची नावं, दोऱ्यांचे रंग, ओळी, शीर्षकं हे सगळं सांभाळणारा भाग त्याने कोबॉल नावाच्या भाषेत लिहिला होता. ती भाषा कारकुनी वळणाची, नावनिशीवार बोलणारी. मजबुतीचं गणित अमृतलालने फोरट्रानमध्ये लिहिलं होतं. ती भाषा आकड्यांची, तिला नावाशी घेणंदेणं नाही. कार्डांवरची माहिती आधी चुंबकीय फितीवर उतरवायची, आणि फितीवरून एकेका वाफ्याची माहिती यंत्रात यायची ती एका ठरावीक जागेत येऊन बसायची. त्या जागेला ते बफर म्हणत. नीट करायचं तर कोबॉलने त्या माहितीची स्वच्छ प्रत काढून फोरट्रानच्या हातात द्यायला हवी होती. पण यंत्राची स्मृती तोकडी, प्रत ठेवायला जागा नाही, वेळही जातो. म्हणून दोघांनी चहा पिता पिता ठरवलं की प्रत नको, जागाच वापरायला देऊ. कोबॉलने नुसता पत्ता सांगायचा, फोरट्रानने तिथे जाऊन आकडे वाचायचे, आणि उत्तर आलं की कोबॉलने ते आपल्याकडच्या नावापुढे छापायचं. किती सुटसुटीत! दोघांनी एकमेकांना टाळी दिली होती. पुढे मोहनसिंगने काम जलद व्हावं म्हणून एक सोय केली. गणित चालू असतानाच पुढच्या वाफ्याची माहिती फितीवरून मागवायची, म्हणजे वाट पाहायला नको. आणि ती माहिती मुकाट्याने त्याच जागेत येऊन बसायला लागली, जिथे फोरट्रान अजून वाचत होतं. नाव आधीच्या वाफ्याचं लिहून झालेलं, आणि आकडे पायाखालून बदललेले. कुठे खटका नाही, कुठे लाल दिवा नाही. कागद नेहमीसारखा खडखडत बाहेर आला.

‘‘मी आत काम करत होतो आणि तू माझ्या जागेत दुसरं आणून ओतलंस,’’ काल अमृतलाल म्हणाला होता.

‘‘तुझी जागा? अरे यार, जागा माझी होती. तुला वापरायला दिली होती.’’

‘‘दिली होतीस ना? मग माझं होईस्तोवर थांबायचं.’’

‘‘तुझं झालं हे मला कोण सांगणार होतं? तू कधी बोललास?’’

‘‘मला वाटलं तुला ठाऊक आहे.’’

‘‘आणि मला वाटलं, तू आत गेल्या गेल्या आपली प्रत करून घेतोस.’’ मोहनसिंगने दाढीवरून हात फिरवला. ‘‘खोटं तर दोघंही बोलत नाही आपण.’’

दुरुस्ती चहा गार व्हायच्या आत झाली. फोरट्रानने काम संपल्याची खूण करायची, खूण दिसेपर्यंत कोबॉलने त्या जागेला हात लावायचा नाही. दोन-चार ओळी. गेल्या हंगामाची फीत पुन्हा चढवली, कागद खडखडला, आणि पिवळा दोरा सगळ्यांच्या वर गेला, इतका वर, की मोहनसिंगने शीळ घातली. ‘‘चला, झालं बरोबर!’’ तो म्हणाला. त्याला पोत्याबद्दल ठाऊक नव्हतं.

देवघरात तुपाची वात तडतडली. पलीकडच्या कोनाड्यात गाळणीचं दुहेरी फडकं वाळत घातलं होतं. या घरात अनगळ पाण्याचा थेंब कोणाच्या घशाखाली जात नसे. आई पाणी गाळायची, आणि फडक्यावर जे राहिलं, जे डोळ्यांना दिसतही नाही, ते गाळलेल्याच पाण्याने हलक्या हाताने धुऊन लोट्यात घ्यायची आणि परत विहिरीत सोडायची. तिला ती जीवाणी म्हणायची. ती वरून फेकायची नाही, जीव आपटतात. तळाला कडी असलेला खास लोटा होता, तो दोरीने खाली सोडायचा, पाण्याला टेकला की दोरी हिसडली तर आपोआप उलटायचा. आणि ज्या विहिरीचं पाणी तिची जीवाणी त्याच विहिरीत. एकदा उन्हाळ्यात घरची विहीर आटली म्हणून गावाच्या पोहा नावाच्या वेशीकडच्या नातलगांच्या विहिरीचं पाणी आणलं होतं. लहानग्या अमृतने फडकं घरच्याच विहिरीवर धुवायला काढलं, तर आईने त्याचा हात धरला. मारलं नाही, ओरडलीही नाही. ‘‘बापा, तिथल्या पान्यातला जीव इथच्या पान्यात जगत नाही. त्याचं घर तिथं हाय.’’ आणि भर उन्हात ती लोटा पदराखाली धरून पोहा वेशीपर्यंत चालत गेली, मागून तो. वाटेत कोणीतरी विचारलं, काय घेऊन चालल्या बाई? ‘‘कोनाचं व्हतं ते द्यायले चालली,’’ ती म्हणाली होती. उसनी घेतलेली जागा, उसनं घेतलेलं पाणी, त्यात न दिसणारं काय काय असतं. त्याला हे सगळं येत होतं. यंत्राशी बसण्याच्या कितीतरी आधीपासून येत होतं. मग चहाच्या त्या पेल्यांशी ते कुठे गेलं होतं?

त्याला बसवेना. तो उठून मागच्या दाराने गोठ्यात गेला. भुरी म्हशीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, ओळखीचा वास घेतला आणि कान हलवला. चांगली भरली होती, अंगावर तुकतुकी होती. भिंतीशी पत्र्याची कोठी. शेजारी घमेल्यात सकाळची भिजत घातलेली सरकी, फुगून काळपट झालेली. पोतं कुठेच नव्हतं. त्याने कोठीचं झाकण उचललं. आत अर्ध्याच्या खाली सरकी होती, बारीक पांढऱ्या लवेची, एकमेकींना चिकटलेली. त्याने हात कोपरापर्यंत आत घातला. आत गार होतं. आहे! अजून आहे! त्याचा श्वास एकदम मोकळा झाला. पंजाब येईल, त्याला हाताला धरून इथे आणायचं, झाकण उघडायचं, आणि मगच सगळं सांगायचं. म्हणजे सांगता सांगताच तो हसेल, काकीला ऐकू जाणार नाही अशी शिवी देईल, ‘‘लेका, जीव घेतला असता तू माह्या!’’ म्हणेल. अमृतलालने त्या हसण्यापर्यंतचं सगळं मनात पाहून घेतलं. दूरवर अरुंद रुळांवरच्या लहान आगगाडीने शिट्टी दिली आणि धुराचा कोळसट वास गोठ्यात आला. त्याने मूठ भरून सरकी घेतली, प्रकाशात धरली, आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की ही पिवळ्या दोऱ्याची आहे हे त्याला कोणीच सांगितलेलं नाही.

तो परत उंबऱ्याशी येऊन बसला. आता वाळूची नुसती एक रेघ पडत होती. मग तीही तुटली. आईने हात जोडले, काही पुटपुटली, आसन घडी करून ठेवलं.

‘‘काहून आला रे बिनखबर? तब्येत तं बरी हाय ना?’’

‘‘बरी आहे. आई, पंजाबने पोतं पाठवलं होतं ना सरकीचं?’’

‘‘पाठवलं ना. लय गुनाचा पोरगा हाय तो. इतकी साफ सरकी, खडा नाही का काडी नाही.’’

‘‘ते पोतं कुठंय?’’

‘‘पोतं? धुतलं अन् तुह्या बाबाच्या दुकानात गेलं. कायले पाह्यजे पोतं?’’

‘‘पोतं नको गं. आतली सरकी.’’

‘‘कोठीत हाय.’’

‘‘तीच आहे ती? कोठीत आहे ती सगळी पंजाबची?’’

आई त्याच्याकडे बघत राहिली. ‘‘सगळी कशी राहीन? बाजारातली व्हती थोडी खाली, तिच्यावरच ओतली पंजाबची. मंग तुह्या बाबानं अजून एक पोतं आनलं जिनिंगमधून, तेबी त्याच्यातच. वरून घेतो, खालून घेतो, हालवून घेतो. खराब नाही व्हत मंग.’’

‘‘आई, वेगळी ठेवायची ना!’’ त्याचा आवाज असा निघाला की भुरीने मागे साखळी वाजवली.

‘‘तू सांगतलं काय मले? त्यानं सांगतलं?’’ ती अजूनही हळूच बोलत होती. सामायिकावरून उठल्या उठल्या ती कधी मोठ्याने बोलत नसे. ‘‘पान्यातले जीव असते तं ठेवले असते ना बापा वेगळे. ज्याच्या त्याच्या घरी नेऊन सोडले असते. हे तं ढोराचं खानं. याच्यात काय व्हतं?’’

याच्यात काय होतं हे सांगायला त्याने तोंड उघडलं आणि तेवढ्यात समोरच्या दारातून आवाज आला.

‘‘काकी! आला काय तुमचा मशीनवाला? यष्टी धनजले थांबली तं उतरला नाही लेका, खिडकीतूनच हुकूम सोडला!’’ पंजाबराव चपला बाहेर काढून, पाय धुऊन आत आला. या घरात पाय धुतल्याशिवाय येत नाहीत हे त्याला सांगावं लागत नसे. अंगात घामाने चिकटलेला सदरा, हातात खरबूज. ‘‘काकी, हे घ्या. आज तुमचं वाराचं काय बंद हाय? गुरवार, म्हंजे दूध बंद. खरबूज चालते ना?’’

‘‘चालते. बस, पानी देतो.’’

‘‘अन् तू काहून असा बसला बे, सुतक असल्यासारखा? आयक, खुशखबर हाय. केंद्राच्या लोकायनं मान्य केलं. यंदा लाल दोरा पुरा शेतभर लावतो. विहिरीपासून तं रस्त्यालोक, सगळा लाल! पुढच्या साली दुसऱ्या गावालेबी...’’

‘‘लाल नाही,’’ अमृतलाल म्हणाला.

त्याने सांगितलं. कोबॉल, फोरट्रान, जागा, फीत, सगळं सांगायला घेतलं, पण निम्म्यावर त्यालाच ते ऐकवेना. म्हणून शेवटी एवढंच म्हणाला की लाल दोऱ्यापुढे पिवळ्याचा आकडा छापला होता. पंजाबराव ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागचा माणूस उठून गेला.

‘‘म्हंजे पिवळी.’’

‘‘पिवळी.’’

‘‘मी म्हनलो व्हतो तुले, मूठभर ठेवतो.’’

‘‘हो.’’

‘‘मंग तू काय म्हनला?’’

आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. अमृतलालला ते वाक्य तिच्यासमोर पुन्हा बोलावं लागलं. बोलताना त्यातला शब्द न शब्द वेगवेगळा ऐकू आला.

‘‘हाओ,’’ पंजाबराव म्हणाला. ‘‘मले वाटलं, तू सोताच्या हातानं तपासलं असन.’’

‘‘मला वाटलं, तुझा वाफा तू ओळखशील. तू म्हणाला होतास ना, पिवळा वर येईल असं वाटतं. मला वाटलं, पक्कं वाटलं असतं तर अडून बसला असतास.’’

हे बोलायला नको होतं. पंजाबराव उठला आणि मागच्या दाराकडे गेला. पोतं कुठे असेल हे त्याला न सांगता कळलं होतं, त्यानेच तर धाडलं होतं. अमृतलाल मागून गेला आणि चालता चालताच त्याला कोठीबद्दल सांगितलं. पंजाबरावने तरी झाकण काढलं. दोन्ही हात घातले, ओंजळ भरून वर घेतली, बोटांमधून एकेक बी खाली सोडत राहिला. एखादं उलटंसुलटं करायचा, नखाने लव खरवडायचा, डोळ्याजवळ न्यायचा. अमृतलाल त्याच्या बोटांकडे बघत होता. त्याच बोटांनी कळ्या सोलल्या होत्या. आता काहीतरी दिसेल, आता तो म्हणेल, ही पाय, ही. उन्हाची तिरीप गोठ्याच्या भिंतीवर चढत गेली.

‘‘नाही समजत,’’ पंजाबराव म्हणाला. ‘‘ह्याच्यातली एखादी असनच. पन कोनची?’’

‘‘सगळी पेरली तर? वेगळं शेत घेऊन?’’

‘‘पेरली. उगवली. मंग? झाडावर लिहिलं राहीन काय पिवळं म्हनून? एकेका झाडाचा कापूस येगळा तोडा, येगळा मोजा, अन् पुन्हा तुह्या मशीनीत घाला. तवरीक माशा हाय, भुंगे हाय, या फुलाचं त्या फुलावर नेतेच ते. जे एखादं असन तेबी दुसऱ्या साली तसं राहत नाही.’’ त्याने हात झटकले. लव हाताला चिकटून राहिली. ‘‘दोरा सुटला रे.’’

आई घमेल्याशी आली होती. तिला बोलणं किती कळलं होतं कोण जाणे, पण एक कळलं होतं, की या सरकीत काहीतरी जिवंत आहे आणि ते तिच्या हातून गेलं. ती कधी नव्हे ती गोंधळलेली दिसत होती. दिवस कलला होता. मावळायच्या आत धार काढायची, घरातल्यांनी जेवून घ्यायचं, मग तिच्या घरात चूल पेटत नसे. आणि सरकी समोर आल्याशिवाय भुरी पान्हा सोडत नसे. भुरी घमेल्याकडे मान ताणून उभी होती. साखळीला हिसडे देत होती.

‘‘देऊ का नको?’’ आई म्हणाली.

पंजाबराव तळव्याला चिकटलेली लव खुडत राहिला.

‘‘सांगा ना बापा कोनीतरी. भिजलेली हाय तरी ह्याच्यातबी ते असन ना, तुमचं?’’

‘‘बी त्याचं आहे,’’ अमृतलाल म्हणाला. ‘‘त्याला विचार.’’

‘‘मी तं देऊन टाकलं व्हतं, काकी,’’ पंजाबराव म्हणाला. ‘‘घर त्याचं, कोठी तुमची. मी कसं सांगू?’’

तिने एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. मोहनसिंगने काल दाढीवरून फिरवलेला हात अमृतलालला आठवला. खोटं तर दोघंही बोलत नाही आपण. एक शब्द हवा होता फक्त, थांब किंवा दे, आणि तो आपण बोलावा असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि थांब म्हणून तरी काय, भिजलेली उचलून ठेवायची कुठे, कोणासाठी, किती दिवस? त्याने पंजाबकडे पाहिलं. पंजाब जमिनीकडे बघत होता. भुरी हंबरली.

‘‘मुकं जनावर उभं हाय,’’ आई अगदी हळू म्हणाली, जणू त्या दोघांचीही माफी मागत होती, आणि तिने घमेलं पुढे सरकवलं.

धार निघाली. पंजाबरावसाठी गाळलेलं पाणी आलं, तो ते उभ्यानेच प्यायला, आणि शेवटच्या बसचं निमित्त सांगून निघाला. दारात त्याने अमृतलालच्या खांद्याला हात लावला, पूर्वीसारखाच, फक्त दाबला नाही. लाल दोऱ्याचं काय करणार हे अमृतलालने विचारलं नाही. केंद्राने मान्य केलेलं होतं, दुसरं बी नव्हतं. विहिरीपासून रस्त्यापर्यंत लालच लागणार होता.

‘‘अमृत,’’ आईने आतून हाक मारली, ‘‘जीवाणी सोडून ये बापा. आपल्याच विहिरीची हाय.’’

कडीचा लोटा घेऊन तो विहिरीवर गेला. उजेड अजून होता. त्याने दोरी सोडली, हिसका न देता, बोटांतून थोडी थोडी सरकवत, लहानपणी शिकवली होती तशी. खाली लोटा पाण्याला टेकला, दोरी हिसडताच उलटला, आणि जे दिसत नव्हतं ते आपल्या घरी गेलं. पाण्यावर एक वर्तुळ उठलं आणि विरलं. मग त्याला कळलं की हे सगळं त्याने एकाच हाताने केलं आहे. दुसऱ्या हाताची मूठ मघापासून, कोठीचं झाकण उचलल्यापासून, मिटलेलीच होती. घामाने आतली सरकी तळव्याला चिकटली होती. मागे गोठ्यात भुरी संथपणे रवंथ करत होती. तो मूठ घेऊन काठाशी उभा राहिला. ती कुठे नेऊन उघडायची, हे सांगणारं आता कोणी नव्हतं.